मुक्कामी

पहिला आदेश झाला तेव्हा गिरिजा सव्वादोन वर्षांची होती.
दुसरा आणि चौथा रविवार, दहा ते पाच.
सोबत दूध, दुपटं, बदलायचे कपडे द्यावेत,
कलम चारमध्ये अजून तसंच आहे.
आता ती पाचवीत. चष्मा लागलाय.
डोकं माझ्या खिशापर्यंत येतं.
कागदावर मात्र दुपटं वाळतंय आठ वर्षं.

मी लातूरच्या डाळमिलमध्ये काट्यावर असतो.
भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी,
मधला फरक तो माल.
रविवारी पाचला महानंदा औशाहून स्टँडवर येते,
हात बदलतो, मी रिकामा परत.
फरक लिहायला रकाना नाही.

आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी.
कधी नेमकं रविवारी आलं की मी घागरी भरायचो,
ती पायरीवर बसून मोजायची.
तोही तास भेटीतच धरलेला.
नळाची पाळी बदलते तेव्हा कुणी अर्ज करत नाही.
मला करावा लागला.
वकील म्हणाले, परिस्थितीतला बदल दाखवा.
मी तिच्या चपलेचा नंबर सांगितला.
ते हसले. मग लिहून घेतलं.

मी मागितलं : उन्हाळ्याचे पंधरा दिवस, अर्धी दिवाळी.
महानंदाचं म्हणणं : शिष्यवृत्तीचा क्लास, तोही रविवारीच, अकराला.
दोन्ही खरं. तारखा पडत गेल्या.

मग मॅडमनी तिला आत बोलावलं, एकटीला.
आम्ही बाकड्याच्या दोन टोकांना, मधे तिचं दप्तर.
बाटली गळत होती. मी झाकण फिरवलं.
महानंदानं ते काढून पुन्हा लावलं,
मी उलटं लावलं होतं.

आतलं बोलणं नव्या आदेशात एका ओळीत आलंय :
'वडिलांच्या घरी रात्र कशी होते हे मुलीस माहीत नाही.'
एवढंच. ना उन्हाळा, ना दिवाळी.

आता चौथा शनिवार, संध्याकाळी सहा ते रविवार सकाळी दहा.
दोन्ही रविवार रद्द.
चौदा तासांचे सोळा झाले,
त्यातले नऊ ती झोपणार.
वजन वाढलं की घटलं?
बावीस वर्षं काट्यावर आहे, मला सांगता येईना.

स्टँडवर महानंदानं पाकीट दिलं, मागं लिहिलेलं :
लाइट बंद करू नका. भिंतीकडं झोपवा.
ही ओढणी लागते, धुऊ नका.
आठ वर्षांत वकिलाशिवाय आलेला पहिला कागद.
'मी आज मुक्कामी गाडी,' गिरिजा म्हणाली,
आणि दप्तर स्वतःच उचललं.

रात्री दीडला ती उठून बसली.
'पप्पा, काय वाजलालंय?'
'नळ. पाणी आलंय. तू झोप.'
'मग तुम्ही कामून पडून आहात? उठा की!'
ओढणी कमरेला खोचून तिनं पाइप धरला.
टाकी, दोन ड्रम, घागरी, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा.

सकाळी ओढणी दोरीवर.
गाडी साडेनऊची.
मी हात लावून बघतोय,
एक टोक अजून ओलं आहे.