उतरल्याची नोंद नाही

मशीन म्हणतं, मी मंगळवारपासून उतरलेच नाही.

पणजीच्या खिडकीतल्या पोराने पडदा माझ्याकडे वळवला:
चढल्याची वेळ सात बावीस, नेवरा तिठा.
पुढचा रकाना कोरा.
"उतरताना कार्ड टेकवायचं असतं, मॅडम.
नाही टेकवलं, तर शेवटपर्यंतचं भाडं कापतं."
शेवट म्हणजे मिरामार. चाळीस रुपये.
मी बांबोळीला उतरते. अठरा रुपये.
अकरा वर्षं तिथेच उतरते आहे,
इस्पितळात चादरी मोजते, भांडी मोजते,
रात्री कुणी गेलं तर त्याच्या अंगावरचं सोनं
दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवते.
नोंदीचं मला शिकवू नये कुणी.

पूर्वी सगुणची बस होती.
चांगली होती असं नाही.
दाराला दोरी, सीटची स्प्रिंग साडीत घुसायची,
आणि भरेपर्यंत हलायची नाही तिठ्यावरून,
आम्ही आत शिजत बसायचो.
पण गावात यायची. चिंचेखाली, तळीपाशी,
हात केला तिथे थांबा.
मिंगेल नोटा उभ्या दुमडून बोटांत धरायचा,
सुटे नसले तर "फाल्यां दी, बाये",
आणि फाल्यां न चुकता मागायचा.
कोण कुठे उतरणार, सगळं त्याच्या डोक्यात.
डोळा लागला तर खांद्यावर तिकिटांच्या गड्डीची टिचकी.

नवी आली तेव्हा झेंडूच्या माळा घालून आली.
पहिला आठवडा फुकट. सगळं गाव
उगाचच मिरामारला जाऊन आलं,
थंडगार, पोरांनी काचेला नाकं लावून.
आठव्या दिवशी कळलं की ती गावात वळत नाही,
रस्ता अरुंद आहे म्हणे.
तिठ्यापर्यंत पायलटच्या मागे बसायचं, तीस रुपये,
म्हणजे बसपेक्षा बसपर्यंत पोचणं महाग.
पिएदादला टोपलीसकट चढू दिलं नाही.
दारावर चित्र आहे, टोपलीवर लाल काट.
वांगी आगशीची होती, बघून घ्या म्हणाली ती,
जसं काही चांगल्या वांग्यांना सूट असते.
आणि शेवटची बस आठ दहाला.
माझी पाळी सुटते नऊला.

सगुण आता हीच चालवतो, आकाशी शर्टात.
एकदा तिठ्याच्या अलीकडे मी हात केला.
त्याने पाहिलं.
पाय ब्रेककडे गेला असेल त्याचा,
जुन्या बसमध्ये मला ते ऐकू आलं असतं,
ही आवाजच करत नाही.

खिडकीतला पोरगा वाईट नव्हता.
पाणी दिलं. तीन प्रतींत अर्ज घेतला.
बावीस रुपये परत मागायला
येण्याजाण्याचे चौसष्ट, वर पायलटचे साठ,
आणि अर्धी रजा.
"चौकशीला पंधरा दिवस लागतील."

म्हणजे पंधरा दिवस मी आतच.

रात्री कूस बदलताना ती मला दिसते,
डेपोत, मालवलेल्या दिव्यांत,
मांडीवर डबा, डब्यात मंगळवारची भाजी.
बसला वायर लावलेली, चाळीसचं भाडं भरलेलं,
काचा बंद, त्यामुळे तिला समुद्र ऐकू येत नाही.
तिला तिठ्यावरून अंधारात चालत यायचं नाही,
कुत्र्यांसाठी हातात दगड धरायचा नाही.
थोडा हेवाही वाटतो.
पण कुणीतरी उठवायला हवं तिला.
मिंगेल आता पर्वरीला कुठल्याशा दुकानाबाहेर
खुर्ची टाकून बसतो असं ऐकलंय.

उद्या बांबोळीला उतरताना
मी कार्ड दोनदा टेकवणार,
एकदा माझं, एकदा तिचं.

मशीन म्हणेल, पुन्हा चढलात.