अकरा गैरहजर

बासष्टची चवथ नुकतीच झाली होती.
वाळपईचा तारवटी इनास
बोटीवरून जपानी ट्रान्झिस्टर घेऊन आला.
मोरजकर मास्तरांनी तो चार दिवसांच्या बोलीवर मागून आणला,
खिडकीत ठेवला,
तार ओढून फणसाच्या फांदीला गुंडाळली.

शाळा म्हणजे देवळाचा सोपा.
पोर्तुगीज जाऊन वर्षही झालं नव्हतं.
सातवीत आम्ही चौघं,
आणि उंबऱ्यावर कुणाचं तरी कुत्रं.

खरखरीतून बातमी आली :
अमेरिकेचा अध्यक्ष म्हणतो,
हे दशक सरायच्या आत
माणूस चंद्रावर नेऊ आणि जिता परत आणू.

'जिता परत.'
मास्तर तेवढंच पुन्हा म्हणाले
आणि बाहेर व्हाळाकडे बघत राहिले.
त्याच पावसात झिलू गावसची धाकटी बहीण
पाटी डोक्यावर धरून पाण्यात उतरली होती.
पाटी मिळाली होती.

मग त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं :
साकव. दशक सरायच्या आत.
कुणी पुसायचं नाही, म्हणाले.
आमची गणितं उरलेल्या फळ्यावर.

अर्ज गेले पणजीला,
जुन्या राजवटीच्या कोऱ्या उरलेल्या कागदांवर,
वरचा शिक्का फाडून.
पोच यायची. साकव यायचा नाही.

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात एका रात्री कळलं,
खाली थुंब्याला, मच्छीमारांच्या गावात,
आपल्या देशातून पहिलं रॉकेट उडालं.
मास्तरांनी सगळ्यांना गूळ वाटला.
तोंडातली चव जायच्या आत
दुसरी बातमी : तो अध्यक्ष गोळी लागून गेला.

झिलूने विचारलं, मग आता चंद्र?
मास्तर म्हणाले, बोलणारा गेला रे.
बोल आता ज्यांनी ऐकला त्यांच्या गळ्यात.

पासष्टला त्यांची काणकोणला बदली झाली.
जाताना त्यांनी फळ्यावरची अक्षरं पुन्हा गिरवली,
नवा खडू मोडून.

एकोणसत्तरचा जुलै, सोमवार.
खुर्चीत आता मी.
सकाळी साडेआठला रेडिओ म्हणाला, पाऊल पडलं.
पोरं बाकांवर चढून ओरडली,
कुत्रंही भुंकलं, दुसरं होतं ते.
मी हजेरीपट उघडला :
पलीकडच्या वाड्यावरचे अकरा गैरहजर.

बाहेर आले.
व्हाळ लाल, फुगलेला, घोगरा.
पलीकडे झिलू, डोक्यावर गोणपाट.
काय झालं? त्याने हाक घातली.
उतरला!
कोण?
माणूस!
खंय?
मी वर बोट केलं. वर नुसते ढग.
तो थोडा वेळ वर बघत राहिला,
मग त्याने बोट खाली केलं, पाण्याकडे.

त्या दिवाळीपासून तो दगड फोडायला लागला.
कुणी सिमेंटची पोती दिली, कुणी शिव्या,
खाणीवाल्याने एक जुना रूळ.
एकाहत्तरच्या मे महिन्यात साकव उभा राहिला.
झिलू पलीकडून इकडे आला,
मध्यावर थांबला,
परत गेला,
पुन्हा आला.
आम्ही कुणी काही बोललो नाही.

मी काणकोणला कार्ड टाकलं :
साकव झाला. दोन वर्षं उशीर. चंद्र पुढे गेला.

आठ दिवसांनी त्यांचं उत्तर,
तेच उभट, खडूतलं वाटणारं अक्षर :
उशिराचे गुण कापले आहेत.
कठडा लावला का?

कठडा लावला नव्हता.