तीन बोटं

सेनेगलच्या किनाऱ्यावर सरकारी मापारी आला,
वही उघडून म्हणाला : यंदा वाढ किती?

बिराम न्दोय जाळं सांधत होता.
मागे माशांच्या पिठाचा कारखाना;
त्या वासातूनच येतो लेकीचा पगार,
घरातला दिवा, नातवाची वह्या-पुस्तकं.
फक्त बायांच्या वलांडी
दोन हंगाम रिकाम्या,
वर नुसता वारा वाळतोय.

त्यानं जुन्या जाळ्याच्या भोकात बोटं घातली.
तीन.
'बापाच्या वेळी एवढं असायचं.
बारकी निसटायची,
पुढल्या साली मोठी होऊन भेटायची.
आता करंगळीसुद्धा अडकते.'

मापाऱ्यानं लिहिलं : तीन टक्के.
वही मिटली, गाडी गेली.

बिरामनं नव्या जाळ्याची एक गाठ सोडली
आणि बोटं घालून
पुन्हा बांधली.