विकलं गेल्याची टिकली

खणभागात माझं फ्रेमचं दुकान.
आमच्याकडे दोघेच येतात, देव आणि गेलेली माणसं.
देवाला सोनेरी पट्टी, माणसाला काळी,
काच दोघांना एकच, दोन एमएमची.

त्यात एक दिवस विश्रामबागेच्या मंडळातल्या बाई
बत्तीस फोटो घेऊन आल्या.
म्हणाल्या, यार्डामागच्या वस्तीतल्या पोरांनी काढलेत,
मदतीसाठी प्रदर्शन आहे, जरा कमी करा.
मी मजुरी सोडली. पट्टीचे घेतले.
खोटं कशाला बोलू, खिळ्यांचेही घेतले.

रात्री शटर अर्धं ओढून एकेक फोटो पुसत बसलो.
वाटलेलं, असतील नेहमीचेच :
फाटका सदरा, मोठे डोळे.
तसा एकही नव्हता.
एकानं नुसती बादली काढलेली, आत आभाळ.
एकानं भिंत, भिंतीवर पुराची रेघ,
रेघेच्या बोटभर वर टांगलेलं दप्तर.
कुणी शिकवणाऱ्या सरांची उलटी पडलेली चप्पल.
आणि एक पूर्ण काळा. मागे पेन्सिलीनं :
'लाईट गेली तवाचा. ह्यात आमी सगळी हाय.'
त्याची कड मी कापली नाही.
कोण कडेला बसलं असेल, काय सांगावं.

एकतिसावा दुर्गव्वा बंडीवडरचा, इयत्ता सहावी.
हळदीच्या पोत्यांवर आडवी झालेली आई,
उन्हाची तिरीप, तिरिपेत पिवळी धूळ,
भेगाळलेले तळवे थेट आपल्याकडे.
गेलेल्यांचे डोळे माझ्याकडे कायम उघडे असतात.
हिचे मिटलेले,
आणि ही घोरत होती. शप्पथ.
काच बसवली तरी घोरत होती.

रविवारी हॉलात गेलो, खिळे बघायला.
भाषण चाललेलं. पाहुणे म्हणाले, चिखलातली कमळं.
कमळं पहिल्या रांगेत, सगळी एकाच निळ्या टीशर्टात,
बिस्किटांचा पुडा न फोडता मांडीवर धरून.
लखन नावाचं बेणं दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून
पाहुण्यांना त्यात बसवत होतं. मावत नव्हते.

विकला जाईल त्या फोटोच्या काचेवर लाल खूण.
स्टिकर आणायचे राहिले म्हणून
बाईंनी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं.
पहिली टिकली पोत्यांवरच्या आईला.
एका दातांच्या डॉक्टरांनी घेतली,
पेशंट बसतात त्या खोलीसाठी.

दुपारी ती आली, यार्डातून तशीच,
बोटांच्या पेरांत हळद.
फोटोपुढं थांबली. चौकट बघितली. वर कुंकू.
'आगं बया,' म्हणाली, 'मला कवा मारली?
हार तेवढा ऱ्हायलाय.'
मोठी माणसं गप्प. पोरं हसली.
'आये, ते इकल्यालं हाय.'
'कुणी इकली? मला?'
'फोटू गं. पंधराशेला.'
तिचे ओठ हलले, हिशेब झाला.
'पाच दिसांची हजरी,' म्हणाली,
'आन् मी तर निजल्याली.'

मग नखानं टिकली उचकटली,
पदरानं जागा पुसली,
आणि माझ्याच काचेत बघून
स्वतःच्या कपाळाला लावली.
कपाळ कोरं होतं तिचं. का, ते मी विचारलं नाही.
काचेत एक निजलेली, एक जागी.
निजलेलीला काही पत्ता नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर आले. खूण कुठंच नाही.
बाई वही चाळू लागल्या, मग माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, मी खिळे बघायला आलोय.
शेवटी त्यांना तो काळा दिला.
आता दाढ धरून बसलेली माणसं
त्यात बघत असतील. आत सगळी आहेत.

आठवड्यानं दुर्गव्वा दुकानात आली :
'फोटू तेवढा काढून द्या, चौकट ऱ्हाऊ द्या,
घरात खिळा धरत नाही, पत्रा हाय.'

रिकामी चौकट गल्ल्याच्या वर लावलीय.
गिऱ्हाईक विचारतं, ह्यातलं माणूस कुठाय?
सांगतो, कामावर गेलंय.
यायला साडेसहा होतात.