नऊ फरश्या

नाव जायफळ, रंगावरून.
शिवडीला कंटेनरच्या सावलीत सापडला,
तेव्हापासून माणूस दिसलं
की हा पिठाच्या डब्यामागे.
शेपूट पोटाखाली इतकी घट्ट,
जणू कुणी मागून नेईल.

गिरणीच्या जागेवरची ही इमारत.
चौदावा मजला, लांबच लांब बोळ,
बावीस दारं, बावीस घंटा.
कुठलीही वाजो,
याला वाटतं आपलीच.

डॉक्टर म्हणाल्या, ओढू नका.
जवळ नेऊन 'बघ, काही करत नाही' असं तर मुळीच नको.
अंतर त्याचं त्याला ठरवू द्या.
म्हणून मी फरश्या मोजायला लागले.
नऊ फरश्यांवर इस्त्रीवाला उभा असला
तर जायफळ उकडलेली कलेजी खातो.
आठवर कलेजी तोंडातून गळून पडते.
म्हणजे नऊ.
दुसऱ्या दिवशी नऊ.
पाडव्यापर्यंत नऊच.

येणाऱ्याला सांगायचं ते मी पाठच केलं होतं:
त्याच्याकडे बघू नका. हात पुढे करू नका.
आडवे उभे राहा, भिंतीशी काम असल्यासारखे.
एक तुकडा खाली टाका
आणि टाकलात हे विसरा.

हे सांगताना घसा सुकायचा माझाच.
सहा वर्षं मी इथे
लिफ्टमध्ये कुणी दिसलं तर
काहीतरी विसरल्यासारखी परत फिरलेय.

चौदाशे सातच्या पेडणेकरबाई म्हणाल्या,
"म्हणजे जावेशी वागते तसं. जमेल."
आणि जमलं त्यांना.
बोळात स्टूल टाकून गवार मोडत बसल्या,
तोंड खिडकीकडे,
शेंगांबरोबर अधूनमधून एक तुकडा सांडत.
सात.
लिफ्ट दुरुस्त करायला आलेला मुदस्सर
पाठ करून जेवायला बसला डबा उघडून.
पाच, आणि वर नाक हवेत.
मग चौदाशे अकरामधला धाकटा
"भुभू!" करत धावत आला.
त्याचं काय चुकलं, चार वर्षांचा तो.
पुन्हा नऊ.

सिलेंडरचं वेगळंच.
ते लोखंड फरशीवर आदळलं
की जायफळ संध्याकाळपर्यंत
लघवीलासुद्धा बाहेर यायचा नाही.
मागच्या खेपेला रामआसरेनं ते पाहिलं होतं,
बोलला काही नव्हता.

या बुधवारी दार उघडलं तर तो खांद्यावर सिलेंडर घेऊन उभा.
मी पाठ केलेलं सुरू केलं,
त्यानं मान हलवून गप्प केलं मला.
नजर चौकटीवर, सुकलेल्या तोरणावर.
आडवा उभा.

डब्यामागून आधी नाक.
मग पुढचे पाय, मागचे तिथेच ठेवून,
अंग रबरासारखं ताणत.
तीन. दोन.
मोजायचं राहिलं मग.

खाली ठेवता आला असता सिलेंडर.
नाही ठेवला.
तीस किलो तरी असेल भरलेला.
मानेची शीर फुगली,
नाकाच्या शेंड्याशी घामाचा थेंब आला
आणि तोही पडेना.
जायफळ मात्र निवांत.
आधी बूट. मग लेस.
मग पँटची मुडप, तिथे बराच वेळ,
कुठल्या कुठल्या जिन्यांचा वास असेल तिथे.
मग पुन्हा बूट,
पहिल्यांदा नीट वाचला नव्हता म्हणून.

आणि वळून गेला डब्यामागे.
शेपूट खालीच.
पण पोटापासून सुटलेली,
बोटभर.

रामआसरेनं गुडघे वाकवले,
सिलेंडर पायपुसण्यावर टेकवला.
आवाज आला नाही.
"कोड," तो पुटपुटला.
मी चार आकडे कुजबुजून सांगितले.
त्यानं कानाला हात लावला: ऐकू आलं नाही.

मी एक फरशी पुढे सरकले.