अर्धा मिलिमीटर

डिचोलीच्या बाजारामागे, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर,
दीक्षिता च्यारीनं माझा लॅपटॉप पालथा घातला
आणि अकरा स्क्रू काढून
चहाच्या बशीत मांडले, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं.
वजन चार किलो. वय चौदा.
खाण बंद झाली तेव्हा कंपनीनं दिलेला,
दोन महिन्यांच्या थकलेल्या पगाराऐवजी.

झाकण निघालं. पंख्यात लाल माती.
"बाब, हें कितें?"
म्हटलं, अठ्ठावन्न ग्रेड.
ती हसली नाही. ब्रशनं झाडून तिनं ती
कागदाच्या पुडीत बांधली, माझ्यापुढे ठेवली,
गिऱ्हाइकाचा माल गिऱ्हाइकाला.

जुनं कार्ड हिरव्या रेघा ओढत गेलं होतं.
नवं कार्ड म्हणजे तेही जुनंच,
कुणाच्या तरी मेलेल्या यंत्रातून निघालेलं,
साडेसहा हजार, टपालखर्च वेगळा.
खाच जुळली. भोकं जुळली.
उष्णता वाहून नेणारी तांब्याची पट्टी मात्र
चिपला टेकेना,
अर्धा मिलिमीटर वर तरंगत राहिली.

मी सर्व्हेअर.
अर्धा मिलिमीटर म्हणजे नकाशावर अर्धा मीटर,
आणि अर्ध्या मीटरवरून शेजारच्या बागायतीचा मालक
अकरा वर्षं कोर्टात जात होता,
दर तारखेला मला नमस्कार करून.

खाली तिच्या मामाचं दुकान, नथी आणि पैंजणं.
तिनं खिडकीतून माप ओरडून सांगितलं.
थोड्या वेळानं दोरीच्या डब्यातून वर आली
नखाएवढी तांब्याची चकती,
कानसून, वर पॉलिशही केलेली. सवय.

बटण दाबलं.
एक लांब शिट्टी, दोन आखूड.
बंद. बॅटरी काढ, गोल सेल काढ, कार्ड उपस,
सोनेरी दात खोडरबरानं पूस, पुन्हा बसव.
या खेपेला शिट्टी नाही.
पंखा उतारावरच्या ट्रकसारखा सुटला
आणि पडदा काळाच.

मी टोपी घालायला लागलो.
ती म्हणाली, काळा म्हणजे बंद नव्हे,
आणि मोठ्या अक्षरांची कळ दाबली.
बारीक दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला.
"आंत जीव आसा."

कोपऱ्यातला धुळकट मॉनिटर ओढून तिनं वायर खोचली.
आणि तिथं, दुसऱ्याच काचेवर,
माझं नाव आलं: वामन हळणकर,
कंपनीनं पहिल्या दिवशी खाल्लेल्या 'र'सकट,
म्हणजे त्याच्याशिवाय.

कार्ड बोलतंय, ती म्हणाली,
ह्या पडद्याला त्याची बोली कळत नाही, एवढंच.
आतला प्रोग्राम बदलता येईल.
"पूण चुकलें जाल्यार सगळेंच गेलें."
नको, म्हटलं. असू दे असंच.

मग मी फाईल उघडली. खण क्रमांक तीन.
चौदा लाख त्रिकोण,
पूर्वी एकेक टप्पा उमटायला विडी ओढून व्हायची,
आता बोटाबरोबर आख्खी खण फिरली,
पायऱ्या, रस्ता, पंपाची शेड,
आणि तळ, समुद्रसपाटीखाली बत्तीस मीटर,
जिथं काठी धरून मी शेवटचा बिंदू घेतला
आणि जेवायला वर आलो.

तळ कोरडा.
खरा तळ आता कुणाला दिसत नाही,
पोरं तिथं पोहायला जातात, मासेही आलेत म्हणे.
पाणी मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दीक्षिता बराच वेळ बघत होती. विचारलं,
ह्याच्या आधी इथं काय होतं?
मी म्हटलं, आधीचा सर्व्हे माझा नाही.

मॉनिटर तिनं उसना दिला, बुधवारपर्यंत.
स्क्रू दहाच परत बसले. अकरावा बशीतही नव्हता.
उतरताना मामाच्या काट्यावर पुडी ठेवली, गंमत म्हणून.
सव्वातीन ग्रॅम.
मामानं चष्म्यावरून विचारलं,
रॉयल्टी भरलीत?