पस्तीस मीटर झालर

शिलाईच्या बिलातले सातशे कापून
मादाम सोलांजनं हातावर दोन पास ठेवले.
"मस्यू मांद्रेकर, जोडीनं यायचं."
मग शनिवारी दुकानाचं शटर साडेचारलाच ओढलं.
म्हापशाहून स्कूटर, बेतीहून फेरी,
आणि पणजीत, फोंतेन्यासमधल्या त्या पिवळ्या घराच्या दारात
शेवंतीनं चपला काढल्या.
काढायच्या नसतात, दारवान म्हणाला.
तो काणकोणचा. अंगातला कोट माझ्या हातचा,
डाव्या खांद्यात जरा ओढत होता.

आत लाल मखमल. टेबलाटेबलावर टोपी घातलेले दिवे.
बाटल्या बर्फात गळ्यापर्यंत.
शेवंतीनं लिंबूसोडा सांगितला, गोड-खारट.
वेटरनं तो असा आणला
जसा तीर्थाचा गडू.

आधी एक बाई आली, काळ्या पोशाखात.
जागची हलली नाही. नुसती गायली.
शब्द एक कळेल तर शपथ.
अकॉर्डियन आमच्या पेटीसारखंच धापा टाकत होतं,
पण पेटी आम्ही पुढ्यात ठेवतो,
हा उराशी धरून बसला होता.
"नवरा गेलाय तिचा," शेवंती कुजबुजली.
मेला?
"न्हय रे. गेलाय."

आणि मग दिवे भडकले,
सहाजणी किंचाळत आल्या वाऱ्यासारख्या
आणि माझे सहा घागरे
एकदम उलटे झाले.

लोक पाय बघत होते.
मी टाके.
एकेका घागऱ्याला पस्तीस मीटर झालर, सात थर,
आतून गुलाबी, बाहेरून काळा,
दीड महिना दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती.
जत्रेच्या नाटकाला मी वस्त्रहरणाची साडी शिवतो,
नऊ साड्या टोकाला टोक,
ओढणाऱ्याचे हात दुखले पाहिजेत, साडी संपता कामा नये,
एवढाच तिचा धर्म.
इथं उलटंच. इथं ज्या त्या बाईनं
आपलं कापड आपल्याच मुठीत धरलेलं,
आपणच उचलायचं, आपणच पाडायचं,
आणि हसायचं वर.

डावीकडून तिसरी हळदोण्याची, मार्जोरी.
तिची कंबर मी वीज गेली त्या रात्री टाचली होती,
मोबाइलच्या उजेडात.
तिनं पाय कानापर्यंत नेला
आणि मला ऐकू आलं: टर्र.
एवढ्या ढोलात, एवढ्या शिट्ट्यांत,
फक्त मला.

सातवा थर लोंबला. पायात येणार. आलाच.
मी टेबलाची कड धरली.
मार्जोरीनं खाली बघितलंसुद्धा नाही,
तो थर हिसकला, उरलेला स्वतःच फाडला,
डोक्यावर गरगर फिरवला कोळ्याच्या जाळ्यासारखा
आणि फेकला पुढच्या टेबलावरच्या टकलावर.
सगळं घर उठून उभं राहिलं.
मादाम कोपऱ्यात हिशेब करत असावी
की हे रोज करायचं तर कापड किती.

नंतर आत बोलावलं.
अनवाणी मार्जोरी, घामानं काजळ गालावर,
वाटीतले चणे खात होती.
दहाचा खेळ बाकी.
माझ्या तोंडून शब्द फुटेना.
शेवंतीनं मंगळसूत्रातल्या तीनही पिना काढल्या,
दोन दातांत धरल्या,
आणि गुडघ्यावर बसून
फ्रान्सची कंबर घट्ट केली.

परतीच्या फेरीत चारच माणसं.
मांडवीत कॅसिनोचे दिवे वितळत होते.
"दोरा सुती घातलेलास ना?"
हो.
"नायलॉन घालायचा. तरी सांगत होते."
मग बराच वेळ काही नाही.
डेकवर पाणी होतं, तिनं निऱ्या वीतभर उचलल्या,
आणि पाणी संपलं तरी
खाली सोडल्या नाहीत.

"मला किती मीटर लागेल?"

फेरी धक्क्याला लागली.
स्कूटर गारठलेली,
तिसऱ्या किकला सुरू झाली.